कोळसा झालेले ग्रंथालय

‘जळून खाक होणे’ आणि ‘जळून कोळसा होणे’ हे दोन वाक्प्रयोग आपण मराठीत सरसकट एकाच अर्थाने वापरतो. घर जळून खाक झाले काय किंवा तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला काय, हाती काही उरले नाही एवढेच आपल्याला सांगायचे असते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे दोन प्रयोग एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. राख म्हणजे पदार्थातला कार्बन हवेशी संयोग पावून निघून गेल्यावर मागे राहिलेले क्षार. कोळसा म्हणजे बाकीचे बहुतेक सारे निघून गेल्यावर मागे राहिलेला कार्बन. राखेत वस्तूचा आकार राहत नाही. कोळशात तो राहतो, आणि पुष्कळदा इतक्या बारकाईने राहतो की दोन हजार वर्षांनंतरही लाकडाची जात ओळखता येते.

या दोन शेवटांमधला फरक ठरवते ती हवा. लाकूड, धान्य, कापड, कागद हे सारे मुख्यतः कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे बनलेले असतात. मोकळ्या हवेत ते पेटवले की जळतात. हवा अडवून तापवले की जळत नाहीत, विघटित होतात. आधी शंभर अंशांच्या आसपास ओल निघून जाते. दोनशे अंशांच्या पुढे लाकडातली घटकद्रव्ये तुटू लागतात, तीनशेच्या आसपास सेल्युलोजची साखळी मोडते, आणि पाण्याची वाफ, आम्ल, डांबर व ज्वलनशील वायू असे एकेक करून बाहेर पडते. उरतो तो आक्रसलेला, हलका, ठिसूळ पण आकाराने मुळाशी इमान राखणारा कार्बनचा सांगाडा. शास्त्रीय मराठीत या क्रियेला कार्बनीकरण किंवा भंजक ऊर्ध्वपातन म्हणतात. व्यवहारातल्या मराठीत तिच्यासाठी त्याहून जुना आणि नेमका शब्द आहे: लोणारी कोळसा. खाणीतल्या दगडी कोळशाहून वेगळा, लाकडापासून भट्टीत केलेला असा हा कोळसा. तो पाडणाऱ्या लोणारी समाजाचे नाव या वस्तूला कायमचे चिकटले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या जंगलांत ठेकेदारांच्या भट्ट्यांवर राबणाऱ्या कातकऱ्यांचे नाव मात्र तिला लाभले नाही.

भट्टी लावण्याची रीत पाहिली की सारी क्रिया स्पष्ट होते. लाकडाचे ओंडके उभे-आडवे रचून ढीग करायचा. त्यावर गवत-पालापाचोळा अंथरून मातीचा जाड थर लिंपायचा. तळाशी थोडी भोके ठेवून आतून पेटवायचे. सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, तो मुख्यतः ओलीचा. धूर पातळ आणि निळसर झाला की लाकूड ‘पिकले’ असे समजून भोके बुजवून टाकायची. आणि मग सर्वांत अवघड भाग येतो तो काही न करण्याचा. भट्टी पूर्ण निवेपर्यंत उघडायची नाही. उतावळेपणाने उघडली तर हवा आत शिरते, तापलेला कोळसा पेट घेतो आणि कित्येक दिवसांच्या श्रमाची डोळ्यांदेखत राख होते.

आम्ही भाषा आणि साहित्य शिकवणारी माणसे. भट्टीचा हा शेवटचा नियम आम्हाला रसायनशास्त्रापेक्षा ग्रंथांच्या इतिहासात अधिक महत्त्वाचा वाटतो. हे म्हणणे चमत्कारिक वाटेल, म्हणून त्यामागची हकीकत क्रमाने सांगावयास हवी. ती इटलीतली आहे.

*

ज्या वर्षापासून आपण शालिवाहन शक मोजतो त्याच्या पुढल्याच वर्षी, म्हणजे इसवी सन ७९ मध्ये, नेपल्सच्या उपसागरावरील व्हेसूव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याचे वर्णन धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या दोन पत्रांत केले आहे. परंपरेने या घटनेचा दिवस २४ ऑगस्ट मानला जातो. २०१८ मध्ये पाँपेई येथे एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली एक ओळ सापडली. तिच्यातली तारीख आपल्या गणनेने १७ ऑक्टोबर येते. कोळशाने केलेले लेखन भिंतीवर फार काळ टिकत नाही, तेव्हा ही ओळ त्याच वर्षीची असावी आणि उद्रेक शरदात झाला असावा, असे अनेक अभ्यासक आता मानतात. वाद पुरता मिटलेला नाही. पण एका नगरीच्या अंताची तारीख ठरवण्यासाठी भिंतीवरच्या कोळशाच्या रेघोटीची साक्ष काढावी लागावी, ही गोष्ट पुढच्या हकीकतीला साजेशीच आहे.

या उद्रेकात पाँपेई आणि हर्क्युलेनियम ही दोन नगरे गाडली गेली. दोन्हींचे मरण मात्र सारखे नव्हते. पाँपेईवर आधी कित्येक तास हलक्या सच्छिद्र दगडांचा आणि राखेचा वर्षाव होत राहिला. त्या थरात पुढे हवा-पाणी झिरपत राहिल्याने तिथली बहुतेक सेंद्रिय द्रव्ये कुजून गेली. माणसांची शरीरे नाहीशी झाली आणि घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. १८६३ मध्ये ज्युसेप्पे फियोरेल्ली यांनी या पोकळ्यांत प्लास्टर ओतून ते सुप्रसिद्ध देहाकार घडवले. पाँपेईत आपण प्रामुख्याने अभावाचा साचा पाहतो.

ज्वालामुखीच्या पश्चिमेस समुद्रकाठी वसलेल्या हर्क्युलेनियमवर तप्त वायू आणि राखेचे लोट एकामागून एक आले. त्यांचे तापमान नेमके किती होते याविषयी मतभेद आहेत, परंतु लाकडाचा कोळसा होण्यास ते पुरेसे होते हे उघड आहे. लोटांनी सारे गाव झाकून टाकले आणि वर सुमारे वीस मीटर जाडीचा थर साचून पुढे दगडासारखा घट्ट झाला. म्हणजे निसर्गाने इथे लोणाऱ्याची भट्टीच लावली होती: आत उष्णता, वरून मातीचे लिंपण, आणि हवेला मज्जाव. म्हणूनच हर्क्युलेनियममध्ये लाकडी दारे, पलंग, लहान मुलाचा पाळणा अशा वस्तू कोळशाच्या रूपात जागच्या जागी सापडल्या. एक पावही सापडला. त्यावर तो कुणाचा हे सांगणारा ठसा होता: क्विंटस ग्रेनियस व्हेरस याचा गुलाम सेलर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका गुलामाचे नाव आपल्याला ठाऊक आहे ते त्याच्या पावाचा कोळसा झाला म्हणून. तो पाव नीट खाल्ला गेला असता तर ते नावही गेले असते.

*

अठराव्या शतकाच्या प्रारंभी विहीर खणताना या गाडलेल्या गावाचा पत्ता लागला आणि १७३८ पासून नेपल्सच्या बूर्बोन राजाने तिथे पद्धतशीर खोदकाम आरंभिले. ‘पद्धतशीर’ हा शब्द जपून घ्यावयास हवा. अंधाऱ्या भुयारांतून पुतळे आणि चित्रे बाहेर काढून राजवाड्यात नेणे हा त्यामागचा मुख्य हेतू होता. १७५० मध्ये गावाबाहेरच्या एका विस्तीर्ण प्रासादाचा शोध लागला. कार्ल वेबर या स्विस अभियंत्याने भुयारांतून हिंडत त्याचा जो नकाशा तयार केला तो आजही प्रमाण मानला जातो. १७५२ च्या ऑक्टोबरमध्ये याच प्रासादात काळे, चुरगळलेले, लाकडाच्या ओंडक्यांसारखे दिसणारे तुकडे मिळू लागले. कामगारांना ते जळके लाकूड वाटले, आणि त्यांतले काही फेकलेही गेले असे सांगतात. पुढे एखाद्या मोडक्या तुकड्यावर अक्षरे दिसली तेव्हा उलगडा झाला की हे पुस्तकांच्या गुंडाळ्यांचे ढीग आहेत. पपायरस या लव्हाळ्याच्या पट्ट्यांपासून केलेल्या कागदाच्या गुंडाळ्या, त्यावर बहुतांशी ग्रीक आणि थोडा लॅटिन मजकूर. पुढे या संग्रहाची नोंद अखंड गुंडाळ्या आणि तुकडे धरून अठराशेंच्या वर गेली. प्राचीन ग्रीक-रोमन जगातून जागच्या जागी आपल्यापर्यंत पोहोचलेले हे एकमेव मोठे ग्रंथालय.

त्याचे मोल समजण्यासाठी ग्रंथ एरवी कसे टिकतात हे ध्यानात घ्यावे लागते. आपल्याकडे ताडपत्रे आणि कागद दमट हवेत, वाळवीच्या तोंडी फार काळ टिकत नाहीत. ग्रंथ टिकतो तो नकलेवर नक्कल होत राहिली तर. ज्ञानेश्वरीच्या मूळ हस्तलिखिताचा ठावठिकाणा नाही. एकनाथांना शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध करावी लागली, कारण तीन शतकांच्या नकलांत पाठ बिघडले होते. ग्रीक-लॅटिन ग्रंथांची गत याहून वेगळी नाही. प्लेटो किंवा सॉफोक्लिस आज आपण वाचतो तो मुख्यतः मध्ययुगीन लेखनिकांच्या हातून आलेला. ज्याची नक्कल करावीशी कुणाला वाटली नाही तो लेखक संपला. अशा स्थितीत कोणत्याही मध्ययुगीन लेखनिकाचा हात न लागलेली, थेट इसवी सनापूर्वीच्या शतकात किंवा त्याच्या आगेमागे लिहिली गेलेली शेकडो पुस्तके एकत्र सापडावीत, ही पाठचिकित्सा करणाऱ्याला स्वप्नवत वाटणारी गोष्ट होती. अडचण एकच. पुस्तके होती, पण उघडत नव्हती. उष्णतेने पपायरसाचे वेढे आक्रसून एकमेकांना चिकटले होते आणि हात लावला की त्यांचा भुगा होत होता.

*

येथून पुढचा इतिहास हा वाचनाच्या ओढीने केलेल्या नासधुशीचा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. राजसंग्रहालयाचा प्रमुख कामिल्लो पादेर्नी याने गुंडाळ्या सुरीने उभ्या चिरल्या. बाहेरचे वेढे झाडाच्या सालीसारखे वेगळे केले. मग त्या अर्धगोलाच्या आतल्या बाजूस जी अक्षरे दिसत त्यांचे चित्र काढून घ्यायचे आणि तो थर खरवडून काढून खालचा थर पाहायचा, अशी रीत पडली. याचा अर्थ वाचकांनी क्षणभर मनाशी आणून पाहावा. वाचलेले पान नष्ट केल्याखेरीज पुढचे पान दिसत नसे. कित्येक मजकुरांची आज जी काही ओळख आहे ती केवळ या चित्रांवरून. चित्रे काढणारेही बहुधा ग्रीक न जाणणारे असत, आकार दिसेल तसा उतरवून घेत.

या घाईला पहिला अपवाद ठरला तो व्हॅटिकनच्या ग्रंथालयातून १७५३ मध्ये बोलावून आणलेला अंतोनियो पियाज्जो हा पाद्री. त्याने लाकडी चौकटीचे एक यंत्र तयार केले. गुंडाळीच्या पाठीला प्राण्याच्या आतड्याचा पातळ पापुद्रा डकवायचा, त्याला रेशमी धागे बांधायचे, आणि गुंडाळीच्या स्वतःच्याच भाराने ती कणाकणाने उलगडू द्यायची. दिवसाला काही मिलिमीटर इतकाच हा वेग. पहिल्या ग्रंथाला वर्षे लागली. दरबारी मंडळी वैतागली, पियाज्जोची चेष्टा झाली. पण त्याच्याच रीतीने शेकडो गुंडाळ्या कमीअधिक उलगडल्या गेल्या आणि ती शतकाहून अधिक काळ वापरात राहिली. या संथ पद्धतीनेही सारे सुखरूप झाले असे नाही. थर एकमेकांना चिकटून येत, वरच्या पानाचा तुकडा खालच्या पानावर राही. पुढे १८०२ मध्ये इंग्लंडच्या युवराजाने जॉन हेटर या धर्मगुरूस नेपल्सला धाडले. त्याच्या देखरेखीखाली चार वर्षांत सुमारे दोनशे गुंडाळ्यांवर प्रयोग झाले. त्यांतून हाती आलेले मजकूर तुटक होते. त्यासाठी खर्ची पडलेल्या गुंडाळ्या पुन्हा मिळणार नव्हत्या.

१८१९ साली या प्रश्नाकडे वळला तो हम्फ्री डेव्ही, आपल्या काळातला सर्वांत नामांकित रसायनशास्त्रज्ञ. क्लोरीन आणि आयोडीन यांच्या वाफा देऊन थर सुटे करण्याचे प्रयोग त्याने नेपल्समध्ये केले आणि त्यांचा वृत्तांत १८२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या निष्कर्षातली एक गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. डेव्हीचे मत असे पडले की हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्या आगीने काळ्या झालेल्याच नाहीत. दीर्घकाळ जमिनीत दडपून राहिल्याने, दलदलीतल्या वनस्पतींचे जसे मंद रूपांतर होते तशा प्रकारे त्या काळवंडल्या. आज हे मत मान्य होत नाही, उष्णतेचा हात स्पष्ट दिसतो. पण उष्णता किती, किती वेळ, हवा किती, ओल किती, यांवर कोळशाची जात ठरते हे त्याने ओळखले होते आणि ते खरे होते. एकाच दालनातल्या दोन गुंडाळ्याही सारख्या नाहीत. एक काळीकुट्ट आणि दगडासारखी, तर दुसरी तपकिरी आणि पापुद्र्यांची. भट्टीत मध्यावरचे लाकूड आणि कडेचे लाकूड सारखे पिकत नाही, तसेच हे.

या साऱ्या धामधुमीत काही गुंडाळ्या वाचकांच्या तावडीतून सुटल्या. त्यांच्या सुटकेचे श्रेय विद्वत्तेला नव्हे, राजकारणाला जाते. १८०२ मध्ये नेपल्सच्या राजाने सहा गुंडाळ्या नेपोलियनला भेट दिल्या. काही इंग्लंडला गेल्या आणि ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात विसावल्या. नेपल्समध्येही शेकडो गुंडाळ्या फारच बिघडलेल्या, उघडण्यालायक नाहीत म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. नालायक ठरवल्या गेल्या म्हणूनच त्या शिल्लक राहिल्या.

*

उघडायचे नाही, पण वाचायचे, हा विचार विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कल्पनेतच होता. क्ष-किरणांनी वस्तूच्या आतल्या थरांचे चित्र घेऊन संगणकावर ती गुंडाळी उलगडायची, हा मार्ग केंटकी विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ ब्रेंट सील्स यांनी चोखाळला. मृत समुद्राकाठी एन-गेदी येथील जळालेल्या सिनेगॉगमध्ये १९७० साली चामड्याची एक कोळसा झालेली गुंडाळी सापडली होती आणि पंचेचाळीस वर्षे तशीच जपून ठेवलेली होती. २०१५ मध्ये सील्स यांनी तिला हात न लावता आतला मजकूर वाचून दाखवला. तो बायबलच्या लेवीय या पुस्तकाचा आरंभ निघाला. हे शक्य झाले कारण तिथली शाई पार्श्वभूमीहून घन होती आणि क्ष-किरणांत उठून दिसली.

हर्क्युलेनियमची शाई तशी नव्हती. ती होती काजळीची: दिव्याची किंवा भट्टीची काजळी आणि डिंक. आपल्या पोथ्या आणि दप्तरे ज्या काळ्या शाईने लिहिली गेली तिचेही मुख्य द्रव्य काजळच. ही शाई उन्हाने उडत नाही, शतकानुशतके काळीच राहते. तिचा हा गुणच इथे आड आला. काजळी म्हणजे कार्बन आणि कोळसा झालेला पपायरस म्हणजेही कार्बन. कोळशावर कोळशाने लिहिलेले अक्षर क्ष-किरणांना कसे दिसावे? ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण इथे शब्दशः खरी ठरण्याची वेळ आली होती.

२०१९ मध्ये पॅरिसच्या, म्हणजे नेपोलियनला भेट मिळालेल्या संग्रहातल्या, दोन गुंडाळ्यांची अतिसूक्ष्म क्ष-किरण चित्रे इंग्लंडमध्ये घेण्यात आली. २०२३ च्या मार्चमध्ये सील्स आणि दोन उद्योजकांनी ती चित्रे सर्वांसाठी खुली करून ‘व्हेसूव्हियस चॅलेंज’ नावाची स्पर्धा जाहीर केली. केसी हँडमर यांनी तासन्‌तास त्या चित्रांकडे निरखून पाहिले, तेव्हा त्यांना काही ठिकाणी पृष्ठभागावर वाळलेल्या चिखलासारखे बारीक तडे दिसले. शाईचा रंग वेगळा नव्हता, पण तिचा थर सुकून तडकला होता. अक्षर दिसत नव्हते, अक्षराचा पोत दिसत होता. हा धागा धरून नेब्रास्काचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी ल्यूक फॅरिटर याने संगणकाला असा पोत ओळखायला शिकवले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, न उघडलेल्या गुंडाळीतून पहिला शब्द वाचल्याचे जाहीर झाले: ‘पोर्फ्युरास’, म्हणजे जांभळा. इजिप्तचा युसेफ नादेर हा बर्लिनमध्ये संशोधन करणारा विद्यार्थी स्वतंत्रपणे त्याच शब्दापाशी पोहोचला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये या दोघांना आणि स्वित्झर्लंडच्या युलियान शिलिगर याला मिळून सात लाख डॉलरचे मुख्य पारितोषिक देण्यात आले. पंधरा स्तंभांतली दोन हजारांहून अधिक अक्षरे वाचली गेली होती. तरी ती त्या गुंडाळीचा जेमतेम पाच टक्के भाग होती. मे २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या एका गुंडाळीचे शीर्षक आणि कर्ता वाचल्याचे जाहीर झाले: फिलोडेमसचा ‘दुर्गुणांविषयी’ हा ग्रंथ.

फिलोडेमस हे नाव या ग्रंथालयात पुनःपुन्हा येते. आजच्या जॉर्डनमधल्या गादारा गावचा, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात इटलीत येऊन स्थिरावलेला हा एपिक्युरसच्या पंथाचा तत्त्वज्ञ. पियाज्जोने सर्वप्रथम उलगडलेला ग्रंथही त्याचाच, संगीतावरचा. नव्याने वाचलेला पॅरिसचा मजकूरही बहुधा त्याचाच असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. साफोच्या हरवलेल्या कविता, ॲरिस्टॉटलचे हरवलेले संवाद यांची वाट पाहणाऱ्यांना ही निराशा वाटते. अडीचशे वर्षांच्या खटपटीनंतर हाती लागला तो दुय्यम मानला गेलेला एक तत्त्वज्ञ, असा सूर अनेकदा ऐकू येतो.

आम्हाला हा सूर पटत नाही. कोणता लेखक दुय्यम हे ठरवले कुणी? मध्ययुगीन लेखनिकांच्या निवडीने. एपिक्युरसच्या पंथाकडे ख्रिस्ती परंपरेने संशयाने पाहिले आणि त्याचे बहुतेक ग्रंथ नकलेअभावी लोपले. त्याचे म्हणणे आपण दीर्घकाळ बव्हंशी त्याच्या विरोधकांकडून ऐकत आलो. हर्क्युलेनियमच्या कोळशाने त्या पंथाला त्याच्या स्वतःच्या शब्दांत बोलू दिले. आणि योगायोग असा की २०२४ मध्ये वाचलेल्या स्तंभांत चर्चा आहे ती सुखाची आणि दुर्मीळतेची. एखादी गोष्ट, उदाहरणार्थ खाण्याचा पदार्थ, विरळा आहे एवढ्यानेच ती अधिक सुखकर ठरते काय? लेखकाचा कल ‘तसे लगेच मानण्याचे कारण नाही’ असे म्हणण्याकडे आहे. दुर्मीळ ग्रंथ मिळवण्यासाठी शेकडो ग्रंथ चिरणाऱ्यांना हे वाक्य आधी वाचता आले असते तर बरे झाले असते.

*

या दूरच्या हकीकतीचे आपल्या इतिहासाशी दोन ठिकाणी खरे नाते जुळते. १९३८ मध्ये पाँपेईत एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीप्रतिमा सापडली. ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिच्याशी साम्य असणाऱ्या प्रतिमा आपल्याकडे भोकरदन आणि तेर येथे मिळाल्या असून ती दख्खनमध्ये घडवली गेली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. सातवाहनांच्या प्रदेशातून व्हेसूव्हियसच्या पायथ्यापर्यंत माल जात होता, हे यावरून दिसते.

दुसरे नाते कोळशाचे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे तीन हजार आणि त्याहून अधिक वर्षांपूर्वीचे शेतकरी काय पिकवत होते, हे कळले ते मुख्यतः कोळसा झालेल्या दाण्यांवरून: सातू, गहू, मसूर, कुळीथ. चुलीत सांडलेला, कोठारासह होरपळलेला दाणा कार्बन झाला आणि त्याला ना कीड लागली ना बुरशी, कारण कार्बन त्यांच्या खाण्याचा राहत नाही. जे दाणे माणसांनी खाल्ले ते गेले, जे वाया गेले तेच साक्षीला उरले. दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांचा लिखित शब्द एकही नाही. त्यांचे दप्तर ते एवढेच.

सातवाहनांच्याच राजधानीशी जोडलेली गुणाढ्याची कथा आपण जाणतो. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ती येते. पैशाची भाषेत, शाईअभावी स्वतःच्या रक्ताने लिहिलेली सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा राजाने तुच्छ लेखली, तेव्हा गुणाढ्य टेकडीवर बसून एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला आणि वनातले प्राणी चारा सोडून ऐकत राहिले. राजा धावत आला तेव्हा एक लक्ष श्लोक उरले होते. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. उरली ती इतरांनी केलेली रूपांतरे. कथेत पान वाचले जाते आणि मग जळते. नेपल्सच्या संग्रहालयात दीडदोनशे वर्षे तेच चालले होते, फक्त तिथे ऐकणारे प्राणीही नव्हते.

म्हणूनच भट्टीच्या त्या शेवटच्या नियमाकडे परत यावेसे वाटते. हर्क्युलेनियमच्या ग्रंथांना उष्णतेने जेवढे बिघडवले त्याहून अधिक बिघडवले ते भट्टी निवण्याआधी उघडणाऱ्यांनी. ते दुष्ट नव्हते, अडाणी तर मुळीच नव्हते. त्यांना फक्त आपल्याच हयातीत वाचायचे होते. आज जे वाचले जात आहे ते नेमके त्यांच्या हातून निसटलेले आहे. त्या प्रासादाचा बराच मोठा भाग अजून जमिनीखाली आहे. तिथे आणखी एक ग्रंथालय असेल, ते तातडीने खणून काढावे असा आग्रह काही विद्वान धरतात. खणलेल्या भागाचेच जतन नीट होत नाही, आधी ते पाहा, असे दुसरे म्हणतात. आमचा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. पुरातत्त्वात टेकाडाचा काही भाग पुढच्या पिढ्यांसाठी मुद्दाम न खणता ठेवण्याची चाल आहे, कारण पुढच्यांची साधने आपल्याहून चांगली असणार हे गृहीत असते. आपल्याकडच्या बासनांत बांधलेल्या, पाने चिकटलेल्या, वाळवीने खाल्लेल्या पोथ्यांच्या बाबतीत हाच विवेक हवा. चिकटलेले पान बळाने सोडवणे म्हणजे ते वाचणे नव्हे. ते कोरड्या, सुरक्षित जागी जपून, आहे तसे पुढच्याच्या स्वाधीन करणे हेही वाचनाइतकेच विद्वत्तेचे काम आहे. त्या कामाला प्रबंध लाभत नाही आणि सत्कारही होत नाही. एन-गेदीची गुंडाळी पंचेचाळीस वर्षे कपाटात जपणाऱ्यांची नावे फारशी कुणाला ठाऊक नाहीत. त्यांनी ती एकदाही उघडली नाही, म्हणून आज ती वाचता येते.